कालव्यांचा विस्मृत सांडवा

बंद पडलेल्या कालव्यांचे पुनरुज्जीवन हा ब्रिटनमधील लोकप्रयत्नांचा एक उज्ज्वल अध्याय होय. पेनाइन डोंगररांग ओलांडणारा, सुमारे ५१ किलोमीटर लांबीचा रॉचडेल कालवा १८०४ मध्ये पूर्ण झाला. १९५२ मध्ये त्याचा बहुतेक भाग कायद्याने बंद झाला आणि २००२ मध्ये तो पुन्हा सलग खुला झाला. परंतु नौका फिरू लागल्या म्हणजे कार्य सिद्धीस गेले, असे समजणे घाईचे ठरेल.

असा कालवा टप्प्याटप्प्याने डोंगर चढतो. दोन टप्प्यांच्या मध्ये लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेले दगडी कुंड असते. त्यात पाणी भरून वा सोडून नौका वर चढवतात, खाली उतरवतात. रॉचडेल कालव्यावर मुळात अशी ९२ लॉक्स होती. मात्र पावसाचे पाणी नौकेची वाट पाहत थांबत नाही. म्हणून लॉकच्या बाजूने सांडवा काढून जादा पाणी खालच्या टप्प्यात नेण्याची योजना असे.

वाहतूक थांबल्यावर अनेक लॉक्सचे वरचे दरवाजे काढून तेथे काँक्रीटचे बांध घालण्यात आले. पाणी कुंडातूनच वाहू लागले. लॉक हाच सांडवा झाला. पुनरुज्जीवनात दरवाजे परत बसले, तेव्हा पाण्याची ही वाट बंद झाली. अशा वेळी बाजूचा सांडवा बुजलेला वा अपुरा असेल, तर पाणी दरवाजांवरून कोसळते, कुंडातील नौका धोक्यात येते आणि काठाचा भराव खचू लागतो. मँचेस्टर शहरातील नऊ लॉक्सवर जादा पाणी आजही दरवाजांवरूनच वाहते.

हा प्रश्न केवळ नौकाविहाराचा नाही. पीक फॉरेस्ट कालव्याचा बंद पडलेला खालचा भाग १९७४ मध्ये पुन्हा खुला झाला. त्याच कालव्याला पाणी पुरवणाऱ्या टॉडब्रूक जलाशयाचा सांडवा ऑगस्ट २०१९ मधील अतिवृष्टीत फुटला आणि व्हेली ब्रिज गावातील सुमारे १,५०० रहिवाशांना घरे सोडावी लागली. सदोष आराखडा आणि देखभालीतील उणिवा ही कारणे चौकशीत पुढे आली.

नव्या दरवाजांचे उद्घाटन थाटात होते. सांडव्यातील गाळ काढण्याचा समारंभ कोणी करीत नाही. तथापि कालव्याचे आयुष्य त्या गाळ काढणाऱ्या हातांवरच अवलंबून असते. नौकेला वाट देण्यापूर्वी पाण्याला वाट दिली पाहिजे, हा जुन्या अभियंत्यांचा विवेक जपल्यावाचून पुनरुज्जीवन पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही.