'डीप रिम'ची चाके : वेग किती, खर्च किती?

प्रतिनिधी

सायकल शर्यतीच्या प्रारंभरेषेवर नजर टाकली, की एक बदल चटकन ध्यानात येतो. पूर्वीची बारीक अॅल्युमिनियमची रिम मागे पडून तिची जागा चार-पाच सेंटीमीटर उंचीच्या काळ्याभोर कार्बन रिमने घेतली आहे. नामांकित कंपनीच्या अशा 'डीप रिम' चाकांची जोडी लाख रुपयांच्या पुढे सहज जाते. त्यामुळे नव्याने शर्यतीत उतरलेल्या सायकलपटूपुढे आणि त्याच्या पालकांपुढे प्रश्न उभा राहतो, की या चाकांवाचून आपण मागे पडणार काय? आणि स्वस्तातील चाके घेतली, तर ती भरवशाची असतील काय?

वाऱ्याचे गणित

सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची ऐंशी टक्क्यांहून अधिक शक्ती केवळ हवेला बाजूला सारण्यात खर्च होते. वेग दुप्पट झाला, तर हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट. त्यात चाकाची स्थिती अधिक बिकट असते. फिरत्या चाकाचा वरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो आणि तेथील प्रत्येक स्पोक हवा घुसळतो. रिम उंच केली, की स्पोकची लांबी कमी होते आणि टायरवरून आलेली हवा विस्कटून न जाता रिमच्या कडेने सरळ मागे निघून जाते.

चाकाच्या आकाराचे महत्त्व जगापुढे ठळकपणे आले ते 1984 मध्ये. इटलीच्या फ्रान्सेस्को मोझेर याने त्या वर्षीच्या जानेवारीत मेक्सिको सिटी येथे भरीव तबकडीसारखी चाके वापरून एका तासात 51.151 किलोमीटर अंतर कापले. एडी मर्क्सचा 1972 मधील विक्रम 49.431 किलोमीटरचा होता. अर्थात मोझेरच्या यशात पेहराव, बैठक आणि सराव यांचाही वाटा होता.

सामान्य स्पर्धकाला किती लाभ होतो, हे एका उदाहरणावरून पाहू. एखादा सायकलपटू 250 वॉट शक्ती लावून ताशी 40 किलोमीटर वेग राखतो आणि नव्या चाकांमुळे त्याचे आठ वॉट वाचतात, असे धरू. 40 किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीत त्याचा अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ वाचेल. वैयक्तिक शर्यतीत हे अंतर निर्णायक ठरू शकते. घोळक्यात दुसऱ्याच्या आडोशाने जाताना मात्र हवेचा विरोध मुळातच कमी असल्याने हा लाभही घटतो.

वजनाची भीती किती खरी?

उंच रिम जड असते, म्हणून घाटात ती मारक ठरते, असा समज आहे. सायकल आणि स्वार मिळून 80 किलो वजन धरले आणि चाकांची जोडी 300 ग्रॅमने जड असली, तर वीस मिनिटांच्या चढावर जेमतेम चार-पाच सेकंदांचा फरक पडतो. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' होण्यासाठी बोरघाट चढणाऱ्याला हे सेकंद मोलाचे वाटतील. परंतु घाटाच्या अलीकडे-पलीकडे सपाट रस्ताच अधिक असतो. म्हणून केवळ शे-दोनशे ग्रॅम वाचवण्यासाठी हजारो रुपये अधिक मोजणे बहुतेकांच्या हिताचे नाही.

उंची आणि रुंदी

सर्व प्रकारच्या शर्यतींसाठी एकच जोडी घ्यायची असेल, तर 45 ते 50 मिलिमीटर उंचीची रिम हा समतोल पर्याय ठरतो. त्याहून उंच रिम शिडासारखे काम करते. पुढच्या चाकावर बाजूने वाऱ्याचा झोत आला, की हँडल खेचले जाते. खिंडीतून बाहेर पडताना किंवा शेजारून ट्रक गेल्यावर याचा प्रत्यय येतो. वजनाने हलक्या स्पर्धकांनी पुढे कमी आणि मागे अधिक उंचीची रिम वापरावी. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने 1 जानेवारी 2026 पासून सामूहिक प्रारंभाच्या रस्ता शर्यतींत रिमच्या उंचीवर 65 मिलिमीटरची मर्यादा घातली आहे, हेही खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

उंचीइतकेच महत्त्व रुंदीला आहे. रिमची बाहेरची रुंदी टायरच्या प्रत्यक्ष रुंदीपेक्षा सुमारे पाच टक्के अधिक असावी, असा या क्षेत्रातील प्रचलित आडाखा आहे. टायर रिमबाहेर फुगलेला असेल, तर हवेचा प्रवाह तुटतो आणि उंच रिमवर केलेला खर्च बऱ्याच अंशी वाया जातो. 28 मिलिमीटरच्या टायरसाठी सुमारे 30 मिलिमीटर रुंदीची रिम शोधावी. जुन्या पद्धतीची अरुंद रिम स्वस्तात मिळते, ती याच कारणाने.

उतारावरील धोका

काटकसर कोठे करू नये, याचे उत्तर ब्रेकमध्ये आहे. रिम ब्रेकच्या सायकलवर कार्बन रिम वापरली आणि घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरला, तर रिम तापते. कार्बनचे धागे एकत्र धरणारे रेझिन मऊ पडते आणि टायरमधील हवेच्या दाबाने रिमची कड बाहेर वाकू शकते. हलक्या प्रतीच्या रेझिनमध्ये हा धोका अधिक. पावसात अशा रिमवर ब्रेकही उशिरा लागतो. त्यामुळे रिम ब्रेक असलेल्यांनी अॅल्युमिनियमची रिम, अथवा अॅल्युमिनियमच्या रिमवर कार्बनचे आवरण असलेले चाक निवडावे. डिस्क ब्रेकच्या सायकलला ही अडचण नाही. तेथे स्वस्त कार्बनचा विचार करता येतो.

काही रिमच्या आतील कडेला टायर अडकवणारा आकडा नसतो. अशा 'हुकलेस' रिममध्ये हवेचा दाब पाच बारपेक्षा, म्हणजे सुमारे 72 पीएसआयपेक्षा अधिक ठेवता येत नाही आणि कंपनीने मान्य केलेलेच टायर बसवावे लागतात.

खरेदी करताना

चिनी कंपन्या ऑनलाइन थेट विकत असलेली कार्बन चाके नामांकित जोडीच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. मात्र त्यावर सीमाशुल्क, कर आणि वाहतूक खर्च पडतो, तो आधीच हिशेबात धरावा. रिम तडकल्यास बदलून मिळेल काय आणि परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, याची लेखी खात्री करून घ्यावी. चाकाला आऊट आल्यास तो गावातील कारागिराला काढता यावा, यासाठी स्पोक नेहमीच्या मापाचे आणि निप्पल रिमच्या बाहेर असलेले बरे. निप्पल आत दडलेले असतील, तर दर वेळी टायर उतरवावा लागतो. हबमधील बेअरिंगही बाजारात सहज मिळणारी असावीत.

जुनी जोडी घेताना स्पोकच्या छिद्रांभोवती बारीक तडे आहेत का, ते भिंगातून पाहावे. नाण्याने रिमवर सर्वत्र टकटक करावी. एखाद्या जागी आवाज बद्द आला, तर ती जोडी सोडून द्यावी.

आधी काय?

हवेच्या एकूण विरोधापैकी सुमारे तीन चतुर्थांश विरोध स्वाराच्या शरीराचा असतो. म्हणून मर्यादित खर्चाचा क्रमही ठरलेला आहे. सर्वप्रथम बैठक सुधारावी. तिला पैसे लागत नाहीत. त्यानंतर अंगाला घट्ट बसणारा पोशाख, वेगवान टायर आणि हेल्मेट. हे सारे झाल्यावर पैसे उरले, तर 'डीप रिम' जरूर घ्यावी. कर्ज काढून मात्र घेऊ नये. या चाकांनी शर्यतीतले काही सेकंद वाचतात. ते मिनिटांनी मागे असलेल्याला पुढे नेऊ शकत नाहीत.