आरोग्यसेवेच्या विद्यार्थ्यांचे हिपॅटायटिस बी लसीकरण

वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, प्रयोगशाळा तंत्रज्ञान इत्यादी अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना रुग्णसेवेचे प्रात्यक्षिक सुरू होण्यापूर्वी हिपॅटायटिस बी या विषाणूविरुद्ध लस देण्याची शिफारस केली जाते. हा विषाणू रक्त व शरीरातील इतर द्रवांवाटे पसरतो आणि यकृताला सूज आणतो. बोलीभाषेत या आजाराला 'कावीळ ब' म्हणतात. मात्र संसर्ग झालेल्या अनेकांना कावीळ होतच नाही. त्यामुळे आपण वाहक आहोत हे पुष्कळदा रुग्णालाही ठाऊक नसते, मग त्याचे रक्त काढणाऱ्या विद्यार्थ्याला ते कळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

धोक्याचे स्वरूप

बाधित रुग्णासाठी वापरलेली सुई टोचल्यास लस न घेतलेल्या व्यक्तीला संसर्ग होण्याची शक्यता सुमारे ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत हेच प्रमाण सुमारे ०.३ टक्के आहे, तरी विद्यार्थ्यांच्या मनात भीती असते ती बहुधा एचआयव्हीचीच. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू किमान ७ दिवस टिकतो. हात सरावलेला नसणे, वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवणे आणि टोचल्याचे वरिष्ठांना सांगण्यास संकोचणे या गोष्टी शिकाऊ अवस्थेत अधिक घडतात. दीर्घकालीन संसर्गातून यकृत सिरोसिस किंवा यकृताचा कर्करोग उद्भवू शकतो. औषधांनी विषाणू आटोक्यात राहतो, पण त्याचे समूळ उच्चाटन क्वचितच होते.

मात्रा व तपासणी

प्रौढांना दंडाच्या स्नायूत सामान्यतः तीन मात्रा दिल्या जातात: पहिली, त्यानंतर एका महिन्याने दुसरी आणि पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी. एवढा काळ लागत असल्यामुळे लसीकरण प्रवेशाच्या वेळीच सुरू करणे आवश्यक ठरते. वॉर्डात पाऊल ठेवण्याच्या आठवड्यात घेतलेली पहिली मात्रा पुरेसे संरक्षण देत नाही. एखादी मात्रा लांबली तरी पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही, राहिलेली मात्रा घ्यावी.

तिसऱ्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करतात. त्यांचे प्रमाण प्रति मिलिलिटर १० मिली-आंतरराष्ट्रीय एकके किंवा अधिक असल्यास व्यक्ती संरक्षित समजली जाते. काही निरोगी प्रौढांत पहिल्या मालिकेनंतर ही पातळी गाठली जात नाही. त्यांना दुसरी मालिका देतात. तपासणीचा हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो. प्रतिसाद न आलेल्या व्यक्तीला बाधित सुई टोचल्यास शक्यतो २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते, म्हणून आपली पातळी आधीच माहीत असणे महत्त्वाचे असते.

भारतातील स्थिती

१९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी बनावटीची पुनःसंयोजित लस बाजारात आणली आणि महाग आयात लसीवरील अवलंबित्व घटले. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस २००२-०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली व २०११ पासून देशभर लागू झाली. त्यापूर्वी जन्मलेल्या विद्यार्थ्यांना बालपणी ती मिळाली असेलच असे नाही आणि मिळाली असली तरी नोंद हाताशी असतेच असे नाही. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचा समावेश आहे.

विद्यार्थी आणि नियम

विद्यार्थी कर्मचाऱ्याइतकाच धोका पत्करतो, परंतु तो कर्मचारी नसतो. अमेरिकेत १९९१ च्या रक्तजन्य रोगकारकविषयक नियमाने रक्ताशी संपर्क येणाऱ्या कर्मचाऱ्यांना लस विनामूल्य उपलब्ध करून देणे मालकावर बंधनकारक केले. विनावेतन शिकणारे विद्यार्थी मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

तपासणीत एखादा विद्यार्थी स्वतःच बाधित असल्याचे आढळू शकते. केवळ संसर्ग आहे म्हणून त्याला वैद्यक, दंतवैद्यक वा शस्त्रक्रियेच्या शिक्षणातून वगळू नये, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०१२ साली स्पष्ट केले. अधिक जोखमीच्या शस्त्रक्रियांपुरते रक्तातील विषाणूंचे प्रमाण पाहून निर्णय घेतला जातो.