गुडघ्याजवळील हाडाची गाठ व तिच्यावरील शस्त्रक्रिया

खेळतांना ज्याचा गुडघा कधींच दुखावला नाहीं असा विद्यार्थी विरळाच. असें दुखणें बहुधा थोड्या दिवसांच्या विश्रांतीनें बरें होतें. परंतु जें दुखणें आठवडेच्या आठवडे टिकतें, रात्रीं झोपेंतून जागें करितें व ज्याच्यासोबत गुडघ्याच्या वर किंवा खालीं सूज वाढत जाते, त्याची उपेक्षा करूं नये. कारण क्वचित् त्याच्या मुळाशीं हाडांतील गाठ असते.

पायाची सुमारें दोनतृतीयांश वाढ गुडघ्याच्या आसपास, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या व नडगीच्या वरच्या टोंकाशीं होते. ऑस्टिओसार्कोमा नांवाचा हाडाचा कर्करोग बहुधा ह्याच ठिकाणीं आणि वाढीच्या ऐन वयांत दिसून येतो. सर्वच गाठी मात्र कर्करोगाच्या नसतात. जायंट सेल ट्यूमर ही गाठ बहुतेक विशी ओलांडलेल्यांस होते. ती खरवडून काढून पोकळींत हाडाचें सिमेंट भरल्यानें पुष्कळदां काम भागतें. म्हणून आधीं क्ष-किरणांनीं चित्र घेऊन व गाठीचा लहानसा तुकडा काढून तिची जात ठरवितात.

पूर्वीं कर्करोग ठरला कीं पाय कापणें हाच मार्ग असे. आणि तरीही रोग फुप्फुसांत पसरून बहुतेक रोगी दगावत. १९७० नंतरच्या दशकांत केमोथेरपीचीं औषधें आलीं व स्थिति पालटली. आतां प्रथम कांहीं आठवडे औषधें, मग शस्त्रक्रिया आणि पुन्हां औषधें असा क्रम असतो. गाठ न फोडतां, सभोंवारच्या थोड्या निरोगी भागासह हाडाचा तो तुकडा काढून त्या जागीं धातूचा सांधा बसवितात. वाढत्या मुलांसाठीं पुढें लांब करितां येणारे सांधेही निघाले आहेत. कधीं गुडघ्याचा भाग काढून खालचा पाय उलटा, म्हणजे टांच पुढें करून, मांडीस जोडितात. मग घोटा गुडघ्याचें काम करितो व त्यावर कृत्रिम पाय बसतो. दिसण्यांत हें विचित्र खरें, पण असा मुलगा धांवूं शकतो.

मुख्य रक्तवाहिन्या व मज्जातंतु गाठीनें वेढले असल्यास आजही पाय कापावा लागतो. कॅनडांतील टेरी फॉक्स ह्याचा उजवा पाय १९७७ सालीं, अठराव्या वर्षीं, असाच गेला. १९८० सालीं तो कर्करोगाच्या संशोधनासाठीं निधि जमविण्यास कृत्रिम पायानें १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धांवला. रोग फुप्फुसांत पोंचल्यामुळें त्यास थांबावें लागलें व १९८१ सालीं, बावीस वर्षांचा असतां, तो निवर्तला.

मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करीत आहे; तेव्हां उपचार आपणांस दुर्लभ नाहींत. घातक ठरतो तो विलंब. सूज आलेला गुडघा तेल लावून चोळण्यांत व मळून घेण्यांत महिने जातात आणि गाठ तेवढ्यांत वाढते. म्हणून आमची विद्यार्थ्यांस विनंति कीं, खेळ बुडेल ह्या भयानें दुखणें लपवूं नका. आणि पालकांस ही कीं, मूल रात्रीं पाय धरून उठूं लागल्यास त्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें.