वारकऱ्याच्या घरातून ऑक्सफर्डला

मृगाच्या सरी पडून पेरण्या उरकल्या, की आमच्या चिखलीतील काही घरांत वारीची बांधाबांध सुरू होते. धाबळी, धोतरजोडी, टाळ, गोपीचंदनाची कांडी, वाटेपुरत्या दशम्या आणि चटणी एवढेच काय ते सामान. सुनेला दुभत्याची आणि मुलाला डवऱ्याची आठवण करून द्यायची, रेणुकामातेपुढे नारळ ठेवायचा आणि पंढरीची वाट धरायची. यंदा अशाच एका वळकटीशेजारी बसून आम्ही एका वयोवृद्ध वारकऱ्यास दुसऱ्याच एका प्रवासाची हकीगत सांगितली. विठ्ठलाचेच नाव धारण करणारा एक तरुण १९०१ साली सातासमुद्रांपलीकडे, परधर्मीयांच्या विद्यापीठात धर्म शिकावयास गेला, त्याची ती हकीगत.

बाबांनी ती निवांत ऐकून घेतली आणि एकच प्रश्न केला, "मंग, थो आपलाच राह्यला काय?"

प्रश्न साधा, पण टाळण्यासारखा नव्हे. म्हणून वाचकांपुढेही ती हकीगत ठेवीत आहोत.

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. वडील रामजीबाबा वारकरी, घर विठ्ठलभक्तीत मुरलेले. पुत्राचे नाव विठ्ठल ठेवण्यात त्या घराची सारी श्रद्धा आली. शिंदे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि १८९८ साली बी. ए. झाले. पुढे वकिली करून घर सावरावे अशी कोणत्याही आईबापांची अपेक्षा असणार. पण पुण्यामुंबईच्या वास्तव्यात त्यांचे मन प्रार्थना समाजाकडे वळले. मुंबईत १८६७ साली स्थापन झालेल्या ह्या समाजात न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. तेथे मूर्तिपूजा नव्हती. उपासना एका ईश्वराची, आणि तीत तुकोबांचे अभंग मोठ्या प्रेमाने गाइले जात. वारकऱ्याच्या मुलास तेथे परकेपणा का वाटला नसावा, हे ह्यावरून उमजते.

ह्या समाजाचा विलायतेतील स्नेहसंबंध होता तो युनिटेरियन लोकांशी. हे ख्रिस्ती परंपरेतूनच निघालेले, परंतु पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य न मानता ईश्वर एकच असे मानणारे. राजा राममोहन रॉय यांनी १८३३ साली ब्रिस्टल येथे देह ठेवला, तेव्हा त्यांच्या शुश्रूषेस ह्याच पंथाची माणसे होती. पुढे १८९५-९६ मध्ये त्यांचे संडरलंड नावाचे अमेरिकन धर्मोपदेशक हिंदुस्थानात आले. ब्राह्मो समाज व प्रार्थना समाज यांतील होतकरू तरुणांनी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करावा आणि मायदेशी परतून आपल्याच समाजात काम करावे, अशी शिष्यवृत्तीची योजना त्यातून आकारास आली. बाप्तिस्मा घ्या, अशी अट तीत नव्हती. शिंदे यांची निवड झाली ती ह्याच शिष्यवृत्तीसाठी.

परंतु ही गोष्ट घराघरांतून कशी समजावून सांगावी? अवघ्या अकरा वर्षांपूर्वी, १८९० साली, पुण्यात पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण घडले होते. मिशनऱ्यांच्या घरी चहा पुढे आला एवढ्यावरून वाद पेटला, आणि रानडे व टिळक यांच्यासारख्यांनाही पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. शिंदे जातीने मराठे, तेव्हा ते दडपण त्यांच्यावर तेवढे नसेल. तरीही ख्रिस्ती लोकांच्या पैशाने, ख्रिस्ती लोकांच्या कॉलेजात धर्म शिकण्यासाठी मुलगा निघाला, हे ऐकून शेजारीपाजारी काय बोलले असतील, ते आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

शिवाय पैशाची विवंचना होतीच. प्रवासखर्चाच्या कामी बडोद्याचे सयाजीराव महाराज पाठीशी उभे राहिले. कॉलेजच्या दिवसांतही शिंदे यांना त्यांचाच आधार होता. मागे राहिलेल्या कुटुंबाची काळजी मात्र कोणत्याही शिष्यवृत्तीने मिटत नसते. वृद्ध आईबाप, पत्नी, बहिणी यांना मागे ठेवून दोन वर्षांसाठी निघणे म्हणजे काय, हे ज्यांची मुले आज परदेशी आहेत त्या घरांनी मनात आणावे. आणि त्या काळी पत्र पोचावयासच आठवड्यांवर आठवडे लागत. आम्हांस तर त्या साऱ्या तयारीत हेच ओझे सर्वांत जड वाटते.

सप्टेंबर १९०१ मध्ये मुंबईच्या बंदरातून त्यांची बोट निघाली. त्याच वर्षी जानेवारीत न्यायमूर्ती रानडे निवर्तले होते. समाजाच्या डोक्यावरचे छत्र गेले असतानाच हा तरुण दूर निघाला होता.

ऑक्सफर्ड येथे एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारखे गुरू लाभले. हे ख्रिस्ती पंडित, पण बौद्धांच्या पाली ग्रंथांचे जाणकार. दुसऱ्याचा धर्म त्याच्याच ग्रंथांतून, आदराने वाचावा, ही शिकवण शिंदे यांना त्यांच्यापाशी मिळाली. तिकडची हकीगत ते 'सुबोधपत्रिके'साठी लिहून पाठवीत. केवळ ग्रंथालयात मात्र ते बसून राहिले नाहीत. युनिटेरियन मंडळी शहरांतील दरिद्री वस्त्यांत जे काम करीत, तेही त्यांनी जाऊन पाहिले. सप्टेंबर १९०३ मध्ये आम्स्टरडॅम येथे उदार धर्माची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीत हिंदुस्थानातील उदार धर्म ह्या विषयावर त्यांनी निबंध वाचला. शिकावयास गेलेल्या माणसास सांगावयाचेही असते, आणि त्यासाठी आपल्या घरचे धन आधी नीट ठाऊक असावे लागते.

ऑक्टोबर १९०३ मध्ये ते परतले आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. तीन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, मुंबईत परळ येथे अस्पृश्य मुलांसाठी शाळा उघडून त्यांनी आपल्या मिशनचा आरंभ केला. 'मिशन' हा शब्द तिकडचा, काम मात्र इकडचे. बहीण जनाबाई ह्या कामात त्यांच्याबरोबर होत्या. पुढे आमच्या वऱ्हाडातही, अकोला आणि अमरावतीकडे, ते काम पोचले. पुण्याचे अहिल्याश्रम ही त्याचीच खूण. १९३३ साली 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा त्यांचा ग्रंथ निघाला. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

तेव्हा बाबांच्या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे? आम्ही म्हणालो, "बाबा, बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही. पण परत आले ते पूर्वीसारखे मुकाट बसावयासही आले नाहीत. ज्यांना आपण उंबऱ्याबाहेर उभे केले होते, त्यांच्या वस्तीत ते जाऊन राहिले आणि आपणांस त्याचा जाब विचारू लागले."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. वळकटीची दोरी त्यांनी सोडली, आतील टाळ बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसले आणि पुन्हा आत ठेवले. मग म्हणाले, "चंद्रभागेच्या वाळवंटात आमी समद्यायच्या पाया पडतो. गावात आल्यावर इसरतो." आणि दोरीची गाठ घट्ट मारून सुनेला हाक दिली. पहाटे निघायचे होते, दशम्या अजून व्हायच्या होत्या.