आपत्कालीन स्थलांतर आणि शिक्षकाचा निर्णय : ओकावा शाळेच्या घटनेचा अभ्यास

प्रस्तावना

शाळेवर संकट कोसळते तेव्हा शेकडो मुलांच्या जिवाचा निर्णय काही क्षणांत शिक्षकावर येऊन पडतो. तो निर्णय चुकल्यास दोष कोणाचा, हा प्रश्न शिक्षणशास्त्र, आपत्ती व्यवस्थापन आणि कायदा या तिन्ही क्षेत्रांना स्पर्श करतो. जपानमधील ओकावा प्राथमिक शाळेच्या घटनेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

११ मार्च २०११ : मैदानावरील पन्नास मिनिटे

मियागी प्रांतातील इशिनोमाकी शहराच्या हद्दीत, कितकामी नदीच्या काठी, समुद्रापासून सुमारे चार किलोमीटर आत ही शाळा होती. त्या दिवशी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. शिक्षकांनी मुलांना शिस्तीने मैदानावर आणले, हजेरी घेतली. येथवर सारे नियमानुसार झाले. पुढे कोठे जायचे, हे मात्र ठरेना.

शाळेच्या मागेच टेकडी होती. परंतु भूकंपाचे हादरे सुरूच होते, झाडे कोसळण्याची भीती वाटत होती आणि कडाक्याची थंडी होती. मुख्याध्यापक त्या दिवशी रजेवर होते. मुलांना नेण्यासाठी पालक येत होते, आसऱ्यासाठी ग्रामस्थ येत होते. शासकीय नकाशानुसार ही शाळा त्सुनामीच्या संभाव्य पूरक्षेत्राबाहेर होती, किंबहुना तीच परिसरातील आश्रयस्थान होती. शाळेच्या आपत्ती पुस्तिकेत त्सुनामीच्या वेळी जाण्याचे ठिकाण ‘मोकळी जागा, उद्यान इत्यादी’ अशा मोघम शब्दांत दिले होते. अखेर मुले नदीच्या पुलाजवळील थोड्या उंच जागेकडे निघाली, तोच ३ वाजून ३७ मिनिटांच्या सुमारास लाटेने त्यांना गाठले. १०८ विद्यार्थ्यांपैकी ७४ मुले आणि शाळेत हजर असलेल्या ११ शिक्षकांपैकी १० जण मृत्युमुखी पडले वा बेपत्ता झाले.

कामाइशी : तुलनेसाठी दुसरे उदाहरण

याच दिवशी इवाते प्रांतातील कामाइशी शहराच्या उनोसुमाई भागातील प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांनी वेगळा मार्ग धरला. याही शाळा नकाशावर पूरक्षेत्राबाहेर होत्या. तथापि प्राध्यापक तोशिताका कातादा यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील मुलांना तीन तत्त्वे अनेक वर्षे शिकविण्यात आली होती : गृहीतकांवर विसंबू नका, त्या स्थितीत शक्य तेवढा प्रयत्न करा आणि स्थलांतरात पुढाकार घ्या. माध्यमिक शाळेतील मुले धावत निघाली. इमारतीच्या वरच्या मजल्यावर गेलेली लहान मुलेही मग त्यांच्यामागे बाहेर पडली. ठरलेली जागा अपुरी वाटताच सारे आणखी वर गेले आणि वाचले. शहरात मात्र एक हजाराहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली.

दोन्हीकडील शिक्षकांच्या धैर्यात वा मायेत फरक होता, असे मानण्यास आधार नाही. पूर्वतयारीत मात्र फरक होता.

न्यायालयांची दृष्टी

ओकावा शाळेतील २३ मुलांच्या पालकांनी शहर व प्रांत प्रशासनाविरुद्ध दावा दाखल केला. सेंदाई जिल्हा न्यायालयाने २०१६ मध्ये पालकांच्या बाजूने निकाल दिला. सावधगिरीची सूचना ऐकल्यावरही शिक्षकांनी टेकडीचा मार्ग धरला नाही, यावर त्या निकालाचा भर होता. २०१८ मध्ये सेंदाई उच्च न्यायालयाने दोषाचे स्थान बदलले. पुस्तिकेत निश्चित, पोहोचण्याजोगी उंच जागा नमूद करणे आणि नदीलगतच्या शाळेबाबत शासकीय नकाशाचीही चिकित्सा करणे हे शाळेचे व शिक्षण मंडळाचे आधीचे कर्तव्य होते, ते पाळले गेले नाही, असे त्या न्यायालयाने ठरविले. सुमारे १४३ कोटी येनच्या भरपाईचा हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कायम केला.

भारतीय संदर्भ

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. या घटनेनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही अंतर्भूत असल्याचे सांगितले. हा हक्क इमारत आणि अग्निशामक यंत्र यांच्यापाशीच थांबला, तर ओकावाचा धडा अपुराच राहील. कोठे जायचे, कोणत्या वाटेने, मुख्याध्यापक नसल्यास निर्णय कोणाचा आणि मुलांना पालकांच्या स्वाधीन केव्हा करायचे, ही चार उत्तरे प्रत्येक शाळेच्या आराखड्यात लेखी असावयास हवीत. कागदावरील वाट मुलांसह प्रत्यक्ष चालूनही पाहावयास हवी.

समारोप

संकटसमयी शिक्षकाला अपुऱ्या माहितीवर, भेदरलेल्या मुलांसमोर निर्णय घ्यावा लागतो. त्या घटकेला त्याच्याकडून असामान्य प्रज्ञेची अपेक्षा करणारी व्यवस्था आपले काम त्याच्या माथी मारत असते. शिक्षकाचा तो कठीण दिवस सुसह्य करण्याचे काम त्यापूर्वीच्या सामान्य दिवसांत, प्रशासनाने आणि शाळेने मिळून करावयाचे असते.