गावठाणाचा नकाशा आणि बहिणीचा वाटा

आमच्या गावात मोजणीची माणसं आली. त्यांनी घरांच्या हद्दींवर चुन्याच्या पांढऱ्या रेषा ओढल्या आणि मग ड्रोन उडाला. मुलं टाळ्या वाजवत होती. पण आम्ही भावंडं मात्र विचारात पडलो होतो. दादांनी बांधलेल्या घराच्या कागदावर आता नाव कोणाचं लागणार?

शेताला सातबारा असतो. गावठाणातल्या घराला तो नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. ही उणीव भरून काढण्यासाठी 24 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. महाराष्ट्रात ड्रोन मोजणीचा पहिला प्रयोग त्याआधीच पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी झाला होता. ड्रोनच्या छायाचित्रांवरून प्रत्येक घराचा नकाशा तयार होतो. मग चौकशी होते आणि सनद व मिळकत पत्रिका मिळते. तिच्या आधारे बँकेचं कर्ज घेता येतं, हद्दीचे तंटे मिटतात. मशीद, कब्रस्तान, रस्ते यांच्या हद्दीही नकाशावर येतात. म्हणून विश्वस्तांनीही जुने कागद घेऊन मोजणीला हजर राहावं.

पण ड्रोनला भिंत दिसते, वारस दिसत नाहीत. ते चौकशीच्या वेळी आपणच सांगायचे असतात.

आमच्या घराचा नमुना आठ बडे अब्बांच्या नावावर होता. अब्बांचं नाव नव्हतं, फुफीचं तर नव्हतंच. कोणीतरी म्हणालं, "फुफीनं कधी मागितलंच नाही." आम्ही शरमलो. सूरह निसामध्ये अल्लाहने मुलीचा वाटा ठरवून दिला आहे. तो मागण्यावर अवलंबून ठेवलेला नाही. समजा, एखाद्या गृहस्थामागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. कर्ज व वसीयत फेडल्यावर उरलेल्या मालमत्तेचे चाळीस भाग केले, तर पत्नीला 5, प्रत्येक मुलाला 14 आणि मुलीला 7 येतात. हिशेब इतका सोपा आहे. अवघड असते ती नियत.

आम्ही फुफीला बोलावून घेतलं. ती म्हणाली, "मला घर नको रे, माहेर हवं." बडे अब्बांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "आधी तुझं नाव लागू दे. मग ठेवायचं की सोडायचं, ते तू ठरव." नाव न लावताच बहिणीकडून 'माफी' घेणं म्हणजे तिच्या भिडेचा फायदा उचलणं होय. चौकशीत तिन्ही नावं सांगितली.

तुमच्या गावात मोजणी व्हायची असेल, तर नमुना आठचा उतारा, जुनं खरेदीखत किंवा वाटणीपत्र आणि मृत्यूचे दाखले काढून ठेवा. सर्व वारसांची यादी करा. तीत आई, बहिणी, विधवा भावजय आणि परगावी असलेली भावंडं सुटू देऊ नका. चौकशीला स्वतः हजर राहा. नोंद वाचून पाहा, आणि चूक असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या.

नकाशा एकदा झाला की त्यावर पुढच्या पिढ्या चालतात. त्यावर कोणाचा हक्क बुडालेला राहिला, तर त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल, कचेरीत नाही तरी अल्लाहच्या दरबारात.