दान आणि पोट – लेखांक ७ : मोजणीला पैसे कोण देणार?

अंकुशकृमीवरचा मागचा लेख संपवताना पुढच्या आठवड्यात वढू बुद्रुकला जाऊ, असं म्हटलं होतं. वढू एक आठवडा लांबणीवर टाकतो आहे. कर्जतहून एका शिक्षिकेचं पत्र आलंय आणि त्याला उत्तर न देता पुढे जाववत नाही. त्यांच्या शाळेचे माजी विद्यार्थी दिवंगत गुरुजींच्या नावे पोटाच्या आजारांसाठी निधी गोळा करताहेत. एन्डोस्कोपीचं यंत्र घेऊन द्यावं, असा बहुतेकांचा कल आहे. बाई विचारतात : संशोधनाला दान द्यायचं म्हटलं की मुंबई-पुणंच का? आपल्या नगर जिल्ह्यात पोटाच्या रोगांवर कुणी काही शोधून काढलंय का?

काढलंय, बाई. आणि तुमच्या शेजारच्याच तालुक्यात, जामखेडला.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला शिकलं. आपल्याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षं काम केलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की येणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेकांचे आजार मुळात टाळता येण्याजोगे आहेत. जुलाबाने सुकलेलं मूल सलाईन लावून घरी पाठवायचं आणि काही दिवसांनी तेच मूल पुन्हा दारात, हा क्रम रुग्णालयाच्या खाटा वाढवून तुटणारा नव्हता. मग ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला आले.

आल्यावर त्यांनी जे केलं, ते मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांनी मोजलं. १९७१ मध्ये जामखेडच्या आसपासच्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. पहिला आकडा कागदावर नसता, तर दुसऱ्याला काहीच अर्थ उरला नसता.

त्याच १९७१ सालात तिकडे बंगालमध्ये, बनगावच्या निर्वासित छावणीत, डॉ. दिलीप महालनबीस पटकीशी झुंजत होते. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. त्यांनी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशी पुडी बांधली, लिटरभर पाण्यात विरघळवली आणि नातेवाइकांच्या हाती दिली. खर्च लिटरमागे ११ पैसे. त्या छावणीत सुरुवातीला शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते. हे पाणी मिळालेल्यांत ते प्रमाण चारांच्याही खाली आलं. यामागचं शास्त्र सुंदर आहे. पटकीत आतड्यातून पाणी धो-धो वाहत असतं, तरी साखर आणि मीठ जोडीने आत ओढून घेणारी आतड्याची वाट शाबूत असते. साखरेबरोबर मीठ आत जातं आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी.

हे ज्ञान जामखेडच्या वाड्यावस्त्यांवर कुणी पोहोचवायचं? आधी प्रशिक्षित नर्सबाईंना गावात पाठवून पाहिलं. ते रुजलं नाही. मग गावानेच निवडलेल्या बायका पुढे आल्या. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. जुलाब लागले की पोराचं पाणी तोडायचं, ही घरोघरची समजूत मोडणं हे त्यांचं पहिलं काम. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडायची. ती सावकाश खाली बसली, तर अंगातलं पाणी आटलंय. टाळू खोल गेली आहे का बघायचं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. वाटी-चमच्याने, थोडं थोडं, आणि अंगावरचं दूध चालूच. त्याच बायका गावातले जन्म, मृत्यू आणि आजार ध्यानात ठेवून जामखेडच्या बैठकीत सांगत. नोंदवही अशी भरली.

जिनिव्हाच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनने या कामाची दखल घेतली आणि ते जगापुढे मांडलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात आरोळे दांपत्याचा जामखेडवरचा लेख आला. १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एवढं झाल्यावर बहुतेक देणगीदार समाधानाने हात जोडतात. जामखेडची गोष्ट त्यापुढेही गेली, म्हणून ती संशोधनाची गोष्ट आहे.

२०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अभ्यासकांनी आरोळे दांपत्याच्या जामखेड प्रकल्पातल्या गावांची तुलना बाहेरच्या गावांशी केली. बायकांना त्यांच्या एकेका बाळंतपणाबद्दल विचारलं : मूल कधी झालं, आहे की गेलं, गेलं तर कितव्या महिन्यात. निष्कर्ष असा, की पहिला महिना उलटल्यानंतर पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत ३० टक्क्यांनी कमी होता. जुलाब, न्यूमोनिया मुलांना गाठतात ते मुख्यतः याच वयात. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत मात्र ठोस फरक आढळला नाही. माझ्या दृष्टीने या अभ्यासाचं सगळ्यात मोठं देणं ते हेच. काय साधलं आणि काय हातून निसटलं, दोन्ही एकाच मोजणीने सांगितलं. आणि पुढचा रुपया कुठे घालायचा ते कळलं.

म्हणून बाई, तुमच्या माजी विद्यार्थ्यांना माझं सांगणं असं. एन्डोस्कोपीचं यंत्र उपयोगाचं आहे, त्याने रक्ताच्या उलटीचा रुग्ण वाचू शकतो. पण ते चालवायला माणूस, दुरुस्तीला पैसा आणि तपासण्यांची नीट नोंद नसेल, तर त्यातून ज्ञान निघत नाही. यंत्राला पाटी लावता येते. घरोघर फिरून नोंद करणाऱ्या ताईच्या पगाराला पाटी लावता येत नाही, म्हणून तो पगार द्यायला कुणी पुढे येत नाही. निधीचा निम्मा वाटा अशा पगारासाठी बाजूला काढा आणि ज्या संस्थेला द्याल, तिला तीनच प्रश्न विचारा : आज काय मोजता? किती वर्षं मोजणार? आकडे वाईट आले, तर छापणार का? तिसऱ्याला सरळ होकार मिळाला, तर गुरुजींचं नाव योग्य ठिकाणी लागलं असं समजा.

आता वढू. बाळांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसच्या ज्या वाणापासून भारतीय लस बनली, तो दिल्लीच्या एम्समध्ये ऐंशीच्या दशकात नवजात बाळांत सापडला होता. लसीच्या अंतिम चाचणीत ६,७९९ बाळं होती : दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे-नगर रस्त्यालगतच्या वढूच्या टापूतली. पैसा सरकारचा होता, तसा गेट्स फाउंडेशनचाही. या चाचणीत बाळांच्या जुलाबांची नोंद घरोघर कशी ठेवली गेली आणि परदेशी दात्याने पैसा घातला की आजार कोण निवडतो, हे दोन्ही पुढच्या आठवड्यात. या वेळी पुन्हा लांबणीवर टाकणार नाही.